गुलाब वांझ आहे की नुसता हट्टी? संकरासाठी जनक झाडांची निवड

गुलाबाचा स्वतःचा वाण काढावा ही इच्छा बहुधा एखाद्या विशिष्ट झाडामुळे मनात येते. आजोळच्या अंगणात, नाव कुणालाच ठाऊक नसलेला एक सुगंधी गुलाबी गुलाब असतो. त्याचा वास तसाच राहावा आणि फूल मात्र आजकालच्या संकरित गुलाबासारखे लांब कळीचे, सरळ दांड्याचे यावे, असे वाटते. मग थंडीत दोन-चार फुलांवर पराग चोळून पाहिले जातात, त्यांतले एखादे फळ धरते, महिन्याभरात पिवळे पडून गळते, आणि आपल्या हाताला गुण नाही अशी समजूत करून घेऊन माणूस हा नाद सोडतो. माझ्या अनुभवात हाताचा दोष क्वचितच असतो. जोडी जुळवताना झाडांची पुरेशी चौकशी केलेली नसते, एवढेच. या लेखात त्या चौकशीचाच विचार केला आहे: एखादे झाड बी धरेल की नाही हे माहीत नसताना ते कसे शोधावे, त्याला मादी म्हणून वापरावे (म्हणजे फळ त्याच्यावर धरायचे) की नर म्हणून (म्हणजे फक्त पराग त्याचे घ्यायचे), आणि त्याची गाठ कोणाशी घालावी.

‘फळतो’ म्हणजे नेमके काय

एखादा गुलाब ‘फळतो’ असे आपण सहज म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. परागीभवनानंतर फळ झाडावर टिकते का, टिकलेल्या फळात बी भरते का, आणि भरलेले बी रुजते का. एखादे झाड पहिल्या प्रश्नात उत्तीर्ण होऊन दुसऱ्यात नापास होऊ शकते. नारिंगी, टपोरे, देखणे फळ कापावे तर आत नुसती लव आणि पोचट टरफले निघतात. दुसऱ्या झाडाला दहा फुलांतून एकच फळ धरते, पण त्यातले सगळे दाणे उगवतात. पहिले झाड दिसायला आशादायक आणि दुसरे निराशाजनक वाटते, तरी संकरासाठी दुसरेच कामाचे असते. नर म्हणून विचार करताना आणखी दोन प्रश्न येतात: परागकोशांतून पराग सुटतात का, आणि सुटलेले पराग जिवंत असतात का. पहिल्या दिवसापासून वहीत या पाच प्रश्नांचे पाच वेगळे रकाने आखावेत. ‘जमले नाही’ एवढीच नोंद पुढच्या वर्षी काहीही शिकवत नाही.

गुणसूत्रांचा हिशेब

गुलाबाच्या कुळात गुणसूत्रांचा मूळ संच ७ चा असतो. ज्या जातींत असे दोन संच असतात त्या १४ गुणसूत्रांच्या द्विगुणित, तीन संचांच्या २१ गुणसूत्रांच्या त्रिगुणित आणि चार संचांच्या २८ गुणसूत्रांच्या चतुर्गुणित म्हणवल्या जातात. आपल्याकडे कुंड्यांत दिसणारे बहुतेक हायब्रिड टी (लांब दांड्यावर एकेक मोठे फूल देणारे गुलाब) आणि आधुनिक फ्लोरिबंडा (झुबक्यांनी फुलणारे) चतुर्गुणित असतात. चायना आणि टी या जुन्या वर्गांतले गुलाब, घोसांनी फुलणारे बरेचसे पॉलिअँथा, आणि मल्टिफ्लोरासारखे रानगुलाब हे बहुतांशी द्विगुणित असतात. अत्तराचा दमास्क गुलाब चतुर्गुणित असतो. मिनिएचर, म्हणजे बुटक्या झाडांच्या आणि छोट्या फुलांच्या गुलाबांत मात्र सरमिसळ आहे, तेथे नावावरून अंदाज बांधू नये.

पराग किंवा बीजांड तयार होताना गुणसूत्रांची निम्मी वाटणी व्हावी लागते. दोन किंवा चार संच असले तर वाटणी नीट होते. तीन संचांची निम्मी वाटणी होतच नाही, त्यामुळे त्रिगुणित झाडाचे बहुसंख्य पराग अर्धवट, पोकळ निघतात. फ्रान्समधील ल्यों शहराच्या गियो यांनी १८६७ साली आणलेला आणि पहिला हायब्रिड टी म्हणून ओळखला जाणारा ‘ला फ्रान्स’ असाच त्रिगुणित आहे, आणि इतका गाजूनही त्याची संतती फारच थोडी आहे. मात्र त्रिगुणित म्हणजे पूर्ण वांझ असे समजू नये. त्याच्या हजारो परागांपैकी काहींमध्ये योगायोगाने नेमकी ७ किंवा नेमकी १४ गुणसूत्रे येतात आणि ते पराग काम करतात. अशा झाडाला आपण हट्टी म्हणू.

नवोदिताने यातून एक व्यवहारी गोष्ट लक्षात ठेवावी. द्विगुणित आणि चतुर्गुणित यांचा संकर होऊ शकतो, पण पिल्ले बहुधा त्रिगुणित, म्हणजे स्वतः हट्टी, निघतात; अशा जोडीतून पहिल्या पिढीतच हवे ते फूल मिळाले तर ठीक, पुढची पिढी काढायची असेल तर जास्त फुले आणि जास्त वर्षे हिशेबात धरावी लागतात. दोन्ही झाडांच्या संचांची संख्या सारखी असेल, तर हा अडथळा येत नाही. ऑस्ट्रेलियातील ॲलिस्टर क्लार्क यांनी मणिपूर-म्यानमारच्या डोंगरांत वाढणाऱ्या रोझा जायगँटिया या द्विगुणित रानगुलाबाची गाठ द्विगुणितच असलेल्या टी गुलाबाशी घातली, त्यातून आलेला ‘जेसी क्लार्क’ पुढे सहज वापरता आला, आणि त्याच्या पोटी १९२४ साली ‘लोरेन ली’ हा वारंवार फुलणारा गुलाब मिळाला. आपल्याकडे कोडाईकनालचे विरू आणि गिरिजा वीरराघवन यांनी हीच जायगँटिया आणि भारतातील दुसरा रानगुलाब रोझा क्लिनोफिला घेऊन उष्ण हवेत टिकतील असे गुलाब घडवण्याचे काम केले आहे. महाराष्ट्रातील हौशी माणसाने त्यांच्या कामाकडे जरूर पाहावे, कारण युरोपातील थंडीसाठी घडवलेले जनक आपल्याला फार पुढे नेत नाहीत.

आणखी एक फसगत टाळावी. द्विगुणित गुलाब बहुधा स्वतःचे पराग स्वीकारत नाहीत. अंगणात एकटेच वाढलेले, वर्षानुवर्षे एकही फळ न धरलेले झाड वांझ ठरवण्याआधी त्याला परक्या झाडाचे पराग मिळाले होते का, हे विचारावे. बऱ्याच ‘वांझ’ गुलाबांना फक्त जोडीदार नव्हता.

वंशावळ खालच्या दिशेने वाचावी

वाणाचे नाव माहीत असेल तर त्याचे आईबाप कोण हे लोक आधी पाहतात. संकर करणाऱ्याने त्याहून अधिक लक्ष त्याची मुले कोण याकडे द्यावे. गुलाबाच्या नोंदीत मादीचे नाव आधी आणि नराचे नंतर लिहिण्याची जगभर पद्धत आहे, म्हणून संततीची नावे चाळली की हा वाण आई म्हणून किती वेळा आला आणि बाप म्हणून किती वेळा, हे लगेच कळते. फ्रान्समधील मेयाँ यांचा १९४५ चा ‘पीस’ दोन्ही बाजूंना शेकडो वेळा दिसतो. ‘क्वीन एलिझाबेथ’ (१९५४) अनेक वाणांचा जनक आहे. ‘लिटल डार्लिंग’ (१९५६) ही तर अमेरिकेतील राल्फ मूर यांच्या असंख्य मिनिएचर गुलाबांची आई म्हणूनच प्रसिद्ध आहे. पन्नास-साठ वर्षे लोकांच्या हाती असूनही एखाद्या सुंदर वाणाचे एकही मूल नोंदीत नसेल, तर आपल्या आधी अनेकांनी तो वापरून पाहिला असणार असे खुशाल धरावे. केवळ बाप म्हणूनच नाव येत असेल, तर त्याच्यावर फळाची वाट पाहण्यात वर्ष घालवू नये.

नाव सापडले पण संतती सापडली नाही, तर तो वाण कोणाचा स्पोर्ट आहे का, म्हणजे दुसऱ्या वाणाच्या फांदीवर अचानक वेगळ्या रंगाचे फूल येऊन त्या फांदीच्या डोळ्यांची कलमे करून वाढवलेला आहे का, हे पाहावे. स्पोर्टची फळण्याची क्षमता बहुधा मूळ वाणासारखीच असते; ‘शिकागो पीस’ची चौकशी करायची तर ‘पीस’ची केली तरी चालते.

रोपवाटिकेच्या पाटीवर मात्र पूर्ण विश्वास टाकू नये. मी एका रोपवाटिकेतून पिवळ्या गुलाबाच्या नावाने आणलेले कलम दुसऱ्या वर्षी लाल फुलांनी बहरले, कारण कलमाचा डोळा मरून खालचा खुंट, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधले होते तेच, वर आला होता. आपल्याकडे खुंट म्हणून एडवर्ड गुलाब आणि मल्टिफ्लोरा सर्रास वापरतात. जनक म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुडाशी वाकून जोडाची गाठ बघावी आणि त्याखालून फुटलेला प्रत्येक फुटवा काढून टाकावा. नाहीतर आपण भलत्याच झाडाची परीक्षा घेत राहतो.

फूल उघडून पाहणे

आजोळच्या निनावी गुलाबाला वंशावळ नसते. त्याचे एक फूल हातात घेऊन सगळ्या पाकळ्या ओढून काढाव्यात. मध्यभागी कुक्षींचा गुच्छ दिसतो आणि त्याभोवती पिवळ्या परागकोशांचे कडे. कुक्षी रसरशीत, टोकाला किंचित चिकट, एका उंचीच्या असतील तर मादी म्हणून आशा आहे. मध्यभागी हिरवट पानासारखे काही उगवले असेल, किंवा कुक्षी आखडून पाकळ्यांच्या गठ्ठ्यात दबल्या असतील, तर ती आशा सोडावी. शंभराहून अधिक पाकळ्यांच्या फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे परागकोशांचे कडे विरळ असते किंवा नसतेच. अशा झाडाची शेवटची, थोडी अशक्त आलेली फुले पाहावीत. त्यांत पाकळ्या कमी आणि पुंकेसर जास्त असतात, आणि पराग तेथे मिळून जातात. हिरव्या फुलांचा ‘व्हिरिडिफ्लोरा’ सोडून द्यावा, कारण त्याचे संपूर्ण फूल पानांसारख्या निदलांचे बनलेले असते.

आता फुलाचा देठाजवळचा फुगीर भाग ब्लेडने उभा चिरावा. आतल्या बीजाशयांचे पांढुरके कण मोजता येतात. चाळीस कण असलेल्या फुलातून चाळीस बिया मिळत नाहीत, पण चारच कण असतील तर अपेक्षा किती ठेवायची ते कळते. सगळे मिळून हे काम पाच मिनिटांचे आहे आणि एका फुलाच्या किमतीत होते, तरी ते करणारे कमी.

परागांची परीक्षा

परागकोश फुटण्याआधीच, म्हणजे कळी सैल होऊन टोकाशी उघडू लागली असताना, काढून कागदावर सावलीत पसरावेत. पुण्याच्या थंडीत एका दिवसात ते फुटून पिवळी धूळ सांडतात. काळ्या कागदावर हे उत्तम दिसते. धूळ पडलीच नाही, परागकोश तपकिरी होऊन मिटलेलेच राहिले, तर नर म्हणून ते झाड बाद.

धूळ पडली तरी ती जिवंत असेलच असे नाही. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर १०० मिलिलिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात १५ ग्रॅम साखर आणि चिमटीच्या टोकावर मावेल इतके बोरिक ॲसिड विरघळवावे, त्याचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात पराग भुरभुरावेत आणि काचपट्टी ओल्या कापडाच्या डब्यात २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात तीन-चार तास ठेवावी. जिवंत परागकणांतून बारीक नळी बाहेर पडलेली दिसते. निदान दोनशे कण मोजावेत. निम्म्या कणांना नळी आली तर झाड खात्रीचे. शंभरांत पाच-सातच आल्या तरी ते वापरण्याजोगे आहे, फक्त पराग सढळ हाताने लावावे लागतील. एकाच थेंबात काही कण चुरगळलेले, काही भरीव पण लहान आणि काही नेहमीपेक्षा मोठे, असा मेळा दिसला तर झाड त्रिगुणित असण्याचा दाट संशय घ्यावा. असिटोकार्मिन या रंगद्रावणाने रंगवूनही भरीव आणि पोकळ कण ओळखता येतात, पण रंग चढलेला प्रत्येक कण जिवंत असतो असे नाही. नळीची परीक्षा अधिक प्रामाणिक आहे.

पराग फुलदाणीतल्या फुलांतूनही घेता येतात. मावळातील पॉलीहाउसची काडी फुलवाल्याकडून आणून घरी उमलू द्यावी आणि परागकोश काढून घ्यावेत. बऱ्याच काड्या निरुपयोगी निघतात, पण दहा-वीस रुपयांत होणारा हा प्रयोग आहे. संरक्षित वाणाचा नवा वाण निर्माण करण्यासाठी मूळ स्रोत म्हणून वापर करण्याची मोकळीक भारताच्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात दिलेली आहे.

अनोळखी झाडाची गाठ खात्रीच्या झाडाशीच

या विषयात मला एकच नियम सांगायला सांगितला तर मी हा सांगेन: दोन अनोळखी झाडांचा संकर कधीही करू नये. तो फसला तर कोणामुळे फसला हे कळत नाही, आणि वर्ष वाया जाते. अनोळखी झाडासमोर नेहमी खात्रीचे झाड उभे करावे, आणि तेही दोन्ही भूमिकांत.

समजा, आजोळचा निनावी गुलाब आपल्याला तपासायचा आहे. त्यासाठी सहज फळणारी एक मादी आणि भरपूर पराग देणारा एक नर हाताशी हवा. आपल्याच बागेत मागच्या उन्हाळ्यात आपोआप धरलेली, टिकलेली आणि भरलेली फळे ज्या झाडावर दिसली, ते खात्रीच्या मादीसाठी पहिले उमेदवार समजावे. मग चार गट करावेत. पहिल्या गटात खात्रीच्या मादीवर निनावी गुलाबाचे पराग. यातून त्याच्या परागांची परीक्षा होते. दुसऱ्यात निनावी गुलाबाच्या फुलांवर खात्रीच्या नराचे पराग. यातून त्याच्या बीजाशयाची. तिसऱ्यात खात्रीची मादी आणि खात्रीचा नर. चौथ्यात निनावी गुलाबाची काही फुले तशीच, काहीही न करता सोडून दिलेली.

तिसरा गट नवोदितांना उधळपट्टी वाटतो, कारण त्या संकरात त्यांना रस नसतो. पण खरी किल्ली त्याच गटात आहे. तेथेही फळे गळली तर दोष हवेचा, पाण्याचा किंवा आपल्या हाताचा होता, निनावी गुलाबाचा नव्हता, असे ठामपणे म्हणता येते. मी दोन हंगाम हा गट ठेवला नव्हता आणि एका अतिशय गुणी झाडाला वांझ ठरवून मोकळा झालो होतो. त्या दोन्ही वर्षी मार्चमध्येच ऊन तापले होते आणि माझ्या कुंड्या पत्र्याला टेकून उभ्या होत्या.

प्रत्येक गटात निदान दहा फुले घ्यावीत. दोन फुलांवरून काढलेला निष्कर्ष नाणे उडवण्यासारखाच असतो.

हंगाम आणि प्रत्यक्ष कृती

देशावर ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी केली की साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला, बहर येतो. डिसेंबर ते जानेवारीचा मध्य हाच संकराचा काळ धरावा. फळ पिकायला साडेतीन-चार महिने लागतात, म्हणून उशिरा केलेल्या संकराची फळे एप्रिल-मेच्या झळांत सापडतात. कोकणात थंडी तोकडी असल्याने सगळे काम जानेवारीत उरकावे आणि घामेजणाऱ्या प्लास्टिकऐवजी बटर पेपरच्या पिशव्या वापराव्यात.

कळीची वेळ ओळखणे हे या कामातले खरे कौशल्य आहे. निदले मागे वळलेली आहेत, बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या सैल झाल्या आहेत, पण मधला भाग अजून मिटलेला आहे, अशी कळी सकाळी लवकर निवडावी. एका हाताने फुगीर देठ धरून दुसऱ्या हाताने पाकळ्या एकेक करून खाली ओढाव्यात; बुडाशी एकही तुकडा राहू देऊ नये, कारण तेथूनच बुरशी लागते. मग बारीक कात्रीने किंवा चिमट्याने सगळे परागकोश कडेकडेने काढावेत. ते अजून बंद, गुळगुळीत आणि पिवळेधमक असले पाहिजेत. बोटाला धूळ लागली तर ते फूल सोडून द्यावे, त्याने स्वतःचे पराग घेतलेले असणार. कात्री देठाच्या भिंतीला लागली तर फळ जखमेपासून सडते, म्हणून घाई नको. पिशवी बांधावी. दुसऱ्या दिवशी कुक्षींवर ओलसर चकाकी आली की स्वच्छ ब्रशने किंवा थेट बोटाच्या टोकाने पराग लावावेत, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा लावावेत, आणि चिठ्ठीवर मादी, नर, तारीख या क्रमाने पेन्सिलीने लिहावे. शाई पुसते. पेन्सिल टिकते.

सात-आठ दिवसांनी पिशवी काढावी. पराग लागलेले फळ हिरवे आणि ताठ राहते, न लागलेले दोन-तीन आठवड्यांत देठाकडून पिवळे पडते. या काळात पाण्याचा ताण बिलकुल पडू देऊ नये. कुंडीतल्या झाडाने एकदा मान टाकली की ते आधी फळे टाकते. एका झाडावर दहा-बारापेक्षा जास्त फळे ठेवू नयेत.

फळ कापल्यावर

फळाचा हिरवा रंग जाऊन नारिंगी झाक आली की ते तोडावे. सुकून काळे होईपर्यंत थांबल्यास बी अधिक जिद्दी होते. कापताना हातमोजे घालावेत, आतली लव बोटांत रुतून दिवसभर खाजते. दाणे मोजावेत, फळागणिक वहीत लिहावेत. पाण्यात टाकून तरंगणारे फेकून देण्याची पद्धत गुलाबाला नीटशी लागू होत नाही. तरंगणारे बहुतेक दाणे पोचट असले तरी काही भरलेलेही असतात, म्हणून ते वेगळे ठेवून वेगळे पेरावेत.

आता चार गटांचे आकडे शेजारी ठेवून वाचावेत. निनावी गुलाबाचे पराग लावलेल्या खात्रीच्या मादीवर फळे टिकली आणि दाणे भरले, पण निनावी गुलाबावर स्वतःवर काहीच धरले नाही, तर तो नर म्हणून पक्का झाला; पुढे त्याच भूमिकेत वापरावा आणि खंत करू नये, कारण सर्वसाधारण गुलाबांत आईबापांची अदलाबदल केल्याने पिल्लांच्या गुणांत फारसा फरक पडत नाही. म्हणूनच कोणाला मादी करायचे याचा निर्णय सौंदर्यावर न घेता केवळ फळण्यावर घ्यावा. याला ठळक अपवाद युरोपातील रानगुलाब रोझा कॅनायना आणि त्याच्या भाऊबंदांचा आहे. त्यांत ३५ गुणसूत्रे असतात आणि बीजांडातून २८, तर परागातून केवळ ७ पुढे जातात, त्यामुळे तेथे पिल्लू आईकडे चांगलेच झुकते.

पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही गटांत थोडी फळे, फळात एक-दोनच दाणे, असा निकाल आला तर झाड हट्टी वर्गातले आहे. सगळीकडे शून्य आणि तिसऱ्या गटात मात्र भरघोस, असे सलग दोन हंगाम झाले तरच वांझ हा शब्द वापरावा. आणि चौथ्या गटातल्या सोडून दिलेल्या फुलांनाच फळे धरली असतील, तर हे झाड स्वतःचे किंवा शेजाऱ्याचे पराग सहज घेते आणि आपण निवडलेला नर त्याला मानवत नाही. नर बदलून पाहावा.

बी रुजल्यावर मिळणारा शेवटचा पुरावा

गुलाबाच्या बियांना ओलसर थंडावा लागतो. एप्रिलमध्ये निघालेले बी लगेच थंडाव्यात घातले तर रोपे नेमकी पावसाळ्यात येतात आणि मर रोगाने बसतात. म्हणून बी स्वच्छ धुऊन, सुकवून, बाटलीत फ्रिजमध्ये ठेवावे. ऑगस्टच्या अखेरीस ओल्या टिश्यूत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आठ-दहा आठवडे ठेवावे, दर आठवड्याला बुरशी तपासावी, आणि दिवाळीच्या सुमारास पेरावे. निम्मे उगवले तर उत्तमच म्हणायचे; संकरित गुलाबांत त्याहून खूपच कमी उगवण नेहमीची आहे.

रोपे आल्यावर ती खरोखर संकराची आहेत का, हे पाहावे. आजोळचा गुलाब वर्षातून एकदाच फुलणारा असेल आणि मादी नेहमी फुलणारी असेल, तर एक सोयीची खूण मिळते. सतत फुलण्याचा गुण अप्रभावी, म्हणजे आईबाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असल्यामुळे अशा जोडीची खरी पिल्ले पहिल्या वर्षी सहसा फुलत नाहीत. उगवल्यापासून दीड-दोन महिन्यांत ज्या रोपावर इवलीशी कळी आली, ते बहुधा मादीच्या स्वतःच्या परागांचे आहे, म्हणजे परागकोश काढताना आपल्याला उशीर झाला होता. गंमत अशी की नवखा माणूस नेमके हेच कळी आलेले रोप जपतो आणि न फुलणारी आळशी समजून टाकून देतो. खरा संकर त्या आळशांतच असतो. त्यांना दोन-तीन वर्षे द्यावीत आणि पुन्हा सतत फुलणाऱ्या जनकाशी त्यांची गाठ घालावी.

हट्टी झाडापुढे किती थांबावे

ल्योंचे पेर्ने-द्युशे यांना बागेतल्या गुलाबात गडद पिवळा रंग आणायचा होता आणि तो ‘पर्शियन यलो’ या जवळजवळ वांझ गुलाबात होता. त्यांनी त्याला मादी करण्याच्या फंदात न पडता त्याचे पराग दुसऱ्या मादीवर वर्षानुवर्षे लावले आणि १९०० साली ‘सोलेय दॉर’ बाजारात आणला. आजच्या पिवळ्या-नारिंगी हायब्रिड टी गुलाबांचा रंग बराचसा तेथून आला आहे. त्याच रक्तातून पानांवर काळे ठिपके पडण्याची खोडही आली, आणि पावसाळ्यात ती आपण अजून भोगतो आहोत.

दुसरे उदाहरण जर्मनीतील विल्हेल्म कोर्डेस यांचे. ‘मॅक्स ग्राफ’ हा १९१९ चा गुलाब रोझा रुगोसा आणि रोझा विचुरायाना या दोन फळणाऱ्या, द्विगुणित जातींचा संकर. पण दोघांची गुणसूत्रे एकमेकांशी नीट जुळत नसल्याने तो स्वतः जवळपास बी धरत नाही. कोर्डेस यांनी त्याचे विरळ मिळणारे बी पेरणे सोडले नाही. त्यातल्या एका रोपात गुणसूत्रे आपोआप दुप्पट, म्हणजे २८ झाली होती, आणि ते रोप उत्तम फळू लागले. त्यालाच पुढे रोझा कॉर्डेसी हे नाव मिळाले, आणि ‘डॉर्टमुंड’ (१९५५) यांसारखे काटक वेलीगुलाब त्यातून आले.

घरच्या गच्चीवर इतका धीर प्रत्येकाकडे नसतो, म्हणून मी स्वतःपुरती अशी वाटणी केली आहे: हंगामातली तीन-चतुर्थांश फुले खात्रीच्या जोड्यांना आणि उरलेली हट्टी झाडाला, तीही बहुतेक नर म्हणून, कारण खात्रीच्या मादीवर त्याचे चार-दोन पराग जरी लागू पडले तरी फळाचा सांभाळ ती मादी करते. हट्टी झाडाच्या बियांची कुंडी पहिल्या हंगामात काहीच उगवले नाही म्हणून उपडी करू नये. तिला सावलीत ठेवावे, माती पार कोरडी पडू देऊ नये, पावसाच्या थेट धारेपासून आडोसा करावा आणि पुढच्या थंडीपर्यंत तशीच राहू द्यावी. गुलाबाचे बरेचसे बी दुसऱ्या वर्षी वर येते, म्हणून चिठ्ठी मातीत वरवर न खोचता कुंडीच्या काठाला तारेने बांधून ठेवावी.